भरतीच्या वेळी बसायचं कुठे?

ठाणे खाडीतले पाणपक्षी ओहोटीच्या वेळी कुठे असतात हे शेंबडं पोरही सांगेल. उघड्या चिखलावर माना खाली घालून चरत असतात. भरतीला तो चिखल बुडाला की ते जातात कुठे, हे बघायचं काम गेल्या एप्रिलमध्ये माझ्याकडे आलं.

नुकतीच अमावास्या झाली होती. मुंबईत उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला येते, त्यामुळे पहाटेचं धुकं वगैरे पक्षिनिरीक्षणातली चैन आमच्या नशिबी नाही. भांडुपच्या बाजूला, तिवरांच्या मागे, एका मिठागराच्या बांधावर स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची दुर्बीण, लावून बसलो. सोबत डोंबिवलीचा एक नवा मुलगा होता. नाखवा होडी घेऊन खाडीत. पाणी कुठवर आलं ते त्याने फोनवर कळवायचं.

"पानी चरायला लागलं, ताई," म्हणून फोन आला आणि थोड्याच वेळात तिवरांवरून पहिला थवा आला. सगळे चिखलावर चरणारे छोटे पक्षी: लेसर सँड प्लोव्हर, लिटल स्टिंट, मागून कर्ल्यू सँडपायपर. मिठागराच्या मधोमध ओलसर जमिनीचा एक उंचवटा उरला होता, त्यावर सगळे दाटीवाटीने उतरले.

एवढे पक्षी एकेक करून मोजत नाहीत. आधी दहा मोजायचे, तेवढी जागा नजरेत बसवायची, त्यावरून शंभराचा ठोकळा ठरवायचा आणि तो थव्यावर सरकवत न्यायचा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडा लिहून होईपर्यंत एकमेकांना सांगायचा नाही. माझे अठराशे झाले, त्याचे साडेबाराशे. तो बिचारा खजील झाला. पण मोठा थवा दिसला की माणूस कमीच मोजतो. मीही दुसऱ्यांदा मोजले तेव्हा सोळाशेवर आले.

मग स्कोपमधून एकेक पक्षी नीट बघायला घेतला. एका कर्ल्यू सँडपायपरच्या छातीवर विटकरी रंग चढायला लागला होता, पोटावर अजून हिवाळ्याची पांढरी पिसं होती. वजन पन्नास-साठ ग्रॅम. याला आता उत्तर सैबेरियातल्या टुंड्रात जाऊन अंडी घालायची आहेत. त्या प्रवासासाठी चरबी साठवायचे हेच दिवस. ओहोटीला खायचं, भरतीला निवांत बसून ते अंगी लावायचं. 2024 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही जात 'असुरक्षित' गटात टाकली.

शेजारच्या प्लोव्हरच्या पायात फ्लॅग, म्हणजे अक्षरं लिहिलेली प्लास्टिकची छोटी पट्टी, होता. म्हणजे कुणीतरी कधीतरी त्याला जाळ्यात धरून, मोजमाप घेऊन सोडलेलं. फ्लॅगवरची अक्षरं वाचता आली तर तो कधी, कुठे पकडला होता ते कळतं. पण विश्रांती घेणारे हे पक्षी एका पायावर उभे राहतात, आणि या पठ्ठ्याने नेमका फ्लॅगवाला पाय पोटात घेतलेला. वाऱ्याने पिसं हलली की पिवळट कोपरा दिसायचा. पहिलं अक्षर मिळालं, दुसरं मिळेना. अर्धा नंबर नोंदवहीत चालत नाही.

बारा अठराला बांधावरून दोन भटकी कुत्री आली. भुंकलीसुद्धा नाहीत, नुसती चालत आली. अख्खा थवा उठला.

असं रोज होतं, त्यात नवल नाही. थवा एक फेरी मारतो आणि पन्नास पावलं सोडून उतरतो. मी तर डबा उघडायच्या बेतात होते. पण त्या दिवशी थवा उतरेना. उंचवट्यावर कुत्री ऐसपैस बसली. थवा पलीकडच्या मिठागराकडे गेला, तिथे डेब्रिजचे ढीग होते आणि एक डंपर मागे येत होता. तिथून खाडीवर गेला, तिथे पाणी थेट तिवरांच्या बुंध्याला लागलेलं. परत आमच्या डोक्यावरून. वळताना सगळ्यांची पोटं एकदम पांढरी चमकायची. पहिल्या दोन वेळा मुलाने फोटो काढले, नंतर त्याने कॅमेरा खाली ठेवला.

फोनवर नाखवा म्हणाला, "बसाला जागाच नाय त्यांना." आमच्या अहवालात हे वाक्य दोन पानं घेतं.

खाडीचा सुमारे 1690 हेक्टरचा पट्टा 2015 मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. चांगलंच झालं. पण रोहितच्या लांब पायांना पाणी चढलं तरी बराच वेळ उभं राहता येतं. स्टिंटच्या पायाची नळी जेमतेम दोन सेंटीमीटरची. पाणी चढलं की आधी त्याची जागा जाते, आणि आम्ही बसलो होतो ते मिठागर अभयारण्याच्या रेषेबाहेर आहे. जेवणाचं घर राखलं, झोपायची खोली राखायची राहून गेली. उडताना पक्ष्याची शक्ती बसून राहण्याच्या कित्येक पट खर्च होते, म्हणजे सकाळी चिखलात कमावलेलं दुपारी हवेत जातं. मेलेला पक्षी दिसत नाही, म्हणून नुकसानही दिसत नाही. मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून 39 रोहित मेले तेव्हा बातमी झाली. या उडण्याची कुठे होणार?

एक वाजून पाच मिनिटांनी थव्याचे दोन भाग झाले. मोठा भाग खाडी ओलांडून ऐरोलीच्या दिशेने गेला. उरलेले तीनेकशे पक्षी एका फुटक्या बांधाच्या हातभर रुंद तुकड्यावर उतरले आणि बरेचसे पोट टेकूनच बसले. फ्लॅगवाला त्यांत होता की नाही, कोण जाणे.

संध्याकाळी फॉर्म भरताना पंचाईत झाली. 'बसलेले' आणि 'चरणारे' असे दोनच रकाने. आमचे सर म्हणाले, सोळाशे 'बसलेले' लिही, बारा अठरापर्यंत होते की. मी म्हटलं, मग सत्तेचाळीस मिनिटं कुठे लिहू? बरीच वादावादी झाली. शेवटी शेरा या रकान्यात लिहिलं आणि पुढच्या फॉर्ममध्ये 'हवेत, किती वेळ' असा रकाना वाढवून घेतला.

आता पुढच्या उधाणाला दोन्ही काठांवर एकाच वेळी माणसं बसवायची आहेत, म्हणजे इकडून उठलेला थवा तिकडे उतरतो का ते कळेल. भांडुपला तो मुलगा बसेल, हल्ली त्याचा आकडा माझ्या जवळपास येतो. ऐरोलीकडे कुणाला बसवायचं ते अजून ठरत नाहीये. भर दुपारी तीन तास उन्हात बसायला सहसा कुणी तयार होत नाही.