वरून नको, बाजूने

"पाल पाळलीस?" आई म्हणाली आणि आपल्याच शब्दावर स्वतःच हसत सुटली, इतकी की फोन हातातून निसटला आणि मला दोन मिनिटं कराडच्या घराचा पंखा तेवढा दिसत राहिला.

पाल नाही गं, सरडा आहे, बेअर्डेड ड्रॅगन म्हणतात. ड्रॅगन म्हणजे तो आग ओकणारा? नाही, हा नुसता आपल्याकडे बघून तोंड उघडतो. आणि हे खरंच होतं, कारण पहिले काही दिवस त्याने आमच्याकडे बघून दुसरं काही केलंच नाही.

झालं असं की लेकीला कुत्रा हवा होता आणि घरमालकाला नको होता. फ्रँकफर्टात भाड्याचं घर मिळवताना जे कष्ट पडतात ते ज्याने केलेत तो घरमालकाशी कुत्र्यावरून भांडत नाही. मग मांजर, ससा, गिनीपिग असं करत करत आम्ही एका टिअरहाइममध्ये, म्हणजे टाकून दिलेल्या जनावरांच्या आसऱ्यात पोचलो, आणि तिथे एका काचेच्या पेटीत हे साहेब फांदीला चिकटून बसले होते. जर्मनीत ह्यांना बार्टआगामे म्हणतात आणि हे लोक ते भरपूर पाळतात. वय दीड-दोन वर्षं असावं, आधीच्या मालकाला नकोसा झाला म्हणून आणून सोडलेला, नाव गुंथर. आईला गुंथर म्हणता येईना, दुसऱ्याच दिवशी त्याचा गुंड्या झाला आणि आता लेकसुद्धा गुंड्याच म्हणते.

तिथल्या बाईंनी आमची जी चौकशी केली तशी घरमालकानेही केली नव्हती. टेरॅरियम, म्हणजे त्याची काचेची पेटी, केवढं, दिवा कुठला, फोटो दाखवा, हा दहा-बारा वर्षं जगेल, तेवढी तयारी आहे का. दहा-बारा वर्षं म्हणजे लेकीचं कॉलेज संपेपर्यंत. मी मान डोलावली, अगदी सरड्यासारखी. निघताना त्या म्हणाल्या, पहिले दोन आठवडे हात लावायचा नाही, खायला घाला, साफसफाई करा, बाकी त्याला सोडा.

आम्ही तीन दिवस कळ काढली.

चौथ्या दिवशी, दुपारी, लेक शाळेत, नवरा ऑफिसात, मी झाकण उघडलं आणि मांजराचं पिल्लू उचलावं तसा वरून हात घातला. पुढे जे झालं ते दोन सेकंदांत झालं. अंग चपटं होऊन भाकरीसारखं पसरलं, गळ्याखालची काटेरी दाढी फुगली आणि कोळशासारखी काळीकुट्ट झाली, तोंड उघडलं, आत पिवळसर गुलाबी, आणि मग तो फांदीवरून सुटला तो थेट काचेवर आपटला, परत फिरला, पुन्हा आपटला. मी हात बाहेर काढला तेव्हा माझाच हात थरथरत होता. लेकीला हे मी सांगितलं नाही. तिला वाटत होतं आपली आई नियम पाळते.

मग वाचायला बसले. ह्यांच्या डोक्यावर मधोमध एक तिसरा डोळा असतो, खरंच, शंकराला असतो तिथे नाही, जरा वर, टाळूवर. बघितला तर एक फिकट ठिपका. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली तेवढी कळते. आणि ऑस्ट्रेलियाच्या उघड्या माळावर वरून सावली आली म्हणजे एकच अर्थ, घारीसारखं काहीतरी खाली येतंय. गुंड्याने ऑस्ट्रेलिया बघितलेलासुद्धा नाही. तो देश आपली जनावरं व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, इथले सगळे पिढ्यान्‌पिढ्या इथेच पैदा झालेले, त्या हिशोबाने गुंड्या पक्का जर्मन आहे आणि आम्ही अजून रेसिडेन्स परमिटवाले. पण घारीची भीती त्याने टाळूत घालून आणलीये. म्हणजे मी काय केलं होतं, तर मायेने हात घातला होता आणि त्याच्या बाजूने मी घार होते.

इथे एक गोष्ट कबूल करायला पाहिजे. आमच्या गावच्या घरामागे निवडुंगाचं कुंपण होतं आणि पावसाच्या तोंडावर त्यावर सरडे बसायचे, गळा नि डोकं लालभडक, माना वरखाली करत. पोरं सांगायची की तो लांबूनच आपलं रक्त पितो म्हणून लाल होतो. मग त्याला दगड. मीही मारलेत, नेम चांगला होता माझा. तो कुंपणावरचा सरडा आणि हा गुंड्या एकाच कुळातले, अगॅमिड, म्हणजे लांबचे का होईना पण भाऊबंद. गुंड्या एक डोळा वळवून माझ्याकडे बघायचा तेव्हा मला उगाच वाटायचं की ह्याला कुणीतरी कळवलंय.

तर मग नीट सुरुवात केली. टेरॅरियमच्या तीन बाजूंना ब्राऊन पेपर लावला, शाळेच्या वह्यांना घालतो तसा, कारण काचेत स्वतःचंच प्रतिबिंब बघून तो दुसरा सरडा समजून पंजे घासत राहायचा. लेक म्हणाली तो आपल्याला टाटा करतो, आणि खरंच, कधीकधी तो पुढचा एक हात उचलून हवेत सावकाश गोल फिरवायचा, इतकं गोड की आम्ही सगळे उलट टाटा करायचो. नंतर कळलं की त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ, मी लहान आहे, मला मारू नका. त्या दिवसापासून टाटा बंद. लेकीला फार वाईट वाटलं, ती म्हणाली म्हणजे आपण आठवडाभर त्याच्या विनवण्यांना हसत होतो.

खाण्याचं वेगळंच प्रकरण. पानं चालतात, पण किडेही लागतात, आणि आमचं माहेर असं की घरात अंडं शिजलेलं नाही. इथे दुकानात रातकिडे डब्यात मिळतात, जिवंत. ते चिमट्याने धरायचे, कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचे, अगदी भजी पिठात घोळवतो तसे, आणि समोर धरायचे. पहिल्या आठवड्यात एक डबा नीट बंद झाला नाही. फ्रीजमागे दोन रातकिडे महिनाभर राहिले, रात्री किर्र किर्र, नवरा म्हणाला गावी आल्यासारखं वाटतंय, राहू दे.

मार्च होता, बाहेर सहा डिग्री आणि गुंड्याच्या दगडावर चाळीस. एका टोकाला दिव्याखाली चाळीस, दुसऱ्या टोकाला पंचवीसच्या आसपास, म्हणजे त्याला हवं तसं तो तापतो नि निवतो, त्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. हे मला माहीत होतं, पाठ होतं, आणि तरीही मी माती खाल्ली. ती अशी.

दिवे संध्याकाळी सातला बंद व्हायचे. एका रात्री नऊच्या सुमाराला सहज हात घातला, ह्या वेळी बाजूने, हळूच पोटाखालून, आणि तो चक्क आला. मांडीवर ठेवला, वर जुन्या सुती साडीचा तुकडा पांघरला, तासभर हलला नाही. डोळे मिटले. मी एवढी भरून पावले की काय सांगू, फोटो काढले, आईला पाठवले, मैत्रिणींना पाठवले, बसला बघा एकदाचा, माणसाळला. दुसऱ्या दिवशी कौतुकाने टिअरहाइमच्या बाईंनाही फोन करून सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, दिवा चालू होता का? म्हटलं नाही, रात्र होती. तर म्हणाल्या, मग तो बसला नव्हता, तो गार पडला होता. पळायला अंगात ऊब लागते. आणि डोळे मिटले म्हणजे झोप लागली असं नाही, कधीकधी समोरचं बघायचंच नसतं म्हणूनही मिटतात.

फोन ठेवला आणि मला एकदम माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. सासरी सगळे म्हणायचे किती शांत पोरगी आहे, किती गुणाची, आवाजच नाही हिचा. शांत कसली, थिजले होते मी. पुढे दोन वर्षांनी जेव्हा मी पहिल्यांदा स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाले की आमटीत एवढा गूळ मला चालणार नाही, तेव्हा सासूबाई दुखावल्या, त्यांना वाटलं सून बदलली. खरं तर त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या घरात राहायला आले होते.

असो. ठरवलं की रात्रीचा हिशोब धरायचा नाही. जे काय ते भर दुपारी, तो पूर्ण तापलेला असताना, जेव्हा त्याला पळता येतं. घरूनच काम असायचं, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन टेरॅरियमपाशी बसायला लागले. एक हात आत, तळवा वर, जमिनीला टेकवलेला, त्याच्यापासून वीतभर लांब. बस. बोलावायचं नाही, बोटं हलवायची नाहीत, त्याच्याकडे टक लावून बघायचंही नाही. दहा मिनिटांत हाताला मुंग्या यायच्या. दुसऱ्या हाताने मेल टाइप करायचे, एका बोटाने, आणि त्या दिवसांतली माझी जर्मन फार तुटक आहे असं टीममधल्या एकाने मला नंतर सांगितलं. मी काही कारण दिलं नाही, काय सांगणार, सरडा बसवत होते.

पहिला आठवडा काही नाही. मग एकदा दाढी न फुगवता तो तसाच बसून राहिला. मग एकदा मी फोनवर भांडत असताना, इंटरनेटच्या बिलावरून, बघते तर हा दगडावरून उतरून माझ्या हातापाशी आलेला, मान तिरकी. जीभ बाहेर काढली, अंगठ्याला टेकवली, आत घेतली. वास घेतला म्हणायचं, हे जिभेनेही घेतात. ओलसर, गार, मोरपीस फिरावं तेवढाच स्पर्श. पलीकडची बाई हॅलो हॅलो करत होती आणि मी श्वास धरून बसले होते. त्या महिन्यात जास्तीचे पैसे गेले ते गेलेच.

एप्रिलमध्ये इथे सगळ्या गवतात पिवळी फुलं उगवतात, लोवेनत्सान, सिंहाचे दात म्हणतात हे लोक त्यांना. लेक एका ओळखीच्यांच्या बागेतून, जिथे फवारणी नसते, मूठभर घेऊन आली. मी एक फूल तळव्यावर ठेवलं. गुंड्याने ते बघितलं, मग मला बघितलं, मग फूल, आणि मग एवढ्या जोरात झडप घातली की फुलाबरोबर माझं बोटही गेलं तोंडात. चावला, हो. रक्त नाही आलं, वळ उठला. तोंडाला पिवळे पराग लागलेले, पाकळ्या दोन्ही बाजूंनी लोंबताहेत, आणि तो माझ्या तळव्यावर पुढचे दोन्ही पाय टेकवून शांतपणे चावतोय. दुपारचे साडेबारा. दिवा चालू, दगड तापलेला. मी मुद्दाम थर्मामीटर बघितला, एकोणचाळीस.

मग मात्र भराभर झालं सगळं. हात ठेवला की चढायचा, हातावरून खांद्यावर, खांद्यावरून खिडकीकडे. इथे गैरसमज नको, त्याला मी नको असते, खिडकीतलं ऊन हवं असतं, मी नुसती वाटेतला पूल. मला ते चालतं. एकदा सोफ्याखाली घुसला आणि तासभर बाहेर येईना, आम्ही तिघं पोटावर झोपून टॉर्च मारत होतो, शेवटी स्वतःच आला, केसाळ धूळ डोक्यावर घेऊन. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, आमच्याकडे हीटरपर्यंत. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे हा नियम लेक आता घरी आलेल्या पाहुण्यांना लावते, ह्यांच्या अंगावर सॅल्मोनेला नावाचे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात हे ती चहाबरोबरच सांगते.

ह्याच शहरात, रीडबर्गला, मॅक्स प्लांकची मेंदूवर संशोधन करणारी संस्था आहे, आणि 2016 साली तिथल्या लोकांनी दाखवलं की बार्टआगामेच्या झोपेतही आपल्यासारखी डोळे हलण्याची, ज्यात आपल्याला स्वप्नं पडतात ती अवस्था येते, आणि तिचं एक चक्कर साधारण 80 सेकंदांचं. वाचल्यापासून रात्री दिवे गेल्यावर मी कधीकधी बघत बसते. मिटलेल्या पापणीखाली काहीतरी सळसळतं, थांबतं. आता रात्री हात घालत नाही. स्वप्न पडत असलंच तर त्यात मी घार नसावे एवढंच.

परवा आईचा फोन. गुंड्या जेवला का, हा आता तिचा पहिला प्रश्न असतो, माझा नंबर नंतर. म्हणाली, नीट जवळून दाखव की गं एकदा. तो दगडावर पसरला होता, मी फोन त्याच्या डोक्यावर धरला, आणि क्षणात दाढी काळी.

"अगं बाई, माझ्यावर रागावला काय गं?"

"वरून नको गं आई, वरून घाबरतो तो. बाजूने."

मी फोन खाली आणला, जमिनीलगत, दगडाच्या बाजूला. स्क्रीनवर बघते तर आईने कराडमध्ये स्वतःचा फोनही खाली घेतला होता, टेबलावर हनुवटी टेकवली होती, चष्मा काढून ठेवला होता, आणि अगदी हळू आवाजात म्हणत होती, "आले बघ रे बाजूने."