आमची वाटचाल: पाकिटातला ड्रेस

आमच्याकडून जे पाकीट बाहेर पडतं त्यात कापड नसतं, दोरा नसतो, बटणंही नसतात. कापड बेतायचा घडी घातलेला कागद असतो, म्हणजे पॅटर्न, आणि सूचनांची पुस्तिका. ड्रेस किंवा स्कर्ट ज्याचा त्याने शिवायचा. "मग तुम्ही विकता तरी काय?" असं अजूनही कुणीतरी विचारतं. वहिनी मान वर न करता सांगतात, "माप."

सुरुवात मात्र शिलाईपासूनच झाली. वहिनी आणि मी ऑर्डरीचे कपडे शिवायचो. बेतणं त्यांच्याकडे, मशीन माझ्याकडे. हळूहळू लक्षात यायला लागलं की काही जणींना शिवून घेतलेला ड्रेस नकोच असतो. मशीन घरात आहे, टीप सरळ मारता येते, हौसही आहे. घोडं अडतं ते कटिंगपाशी. "एवढं कापून द्या, पुढचं मी बघते," म्हणत त्या यायच्या. पण कापलेलं कापड एकदाच शिवून होतं. त्याच मापाचा दुसरा ड्रेस हवा झाला की पुन्हा आमच्या दारात. म्हणून आम्ही कापडाच्या आधी कागद कापायला लागलो आणि तो कागदच त्यांना देऊन टाकला. गिऱ्हाईक हातचं जाईल असं आम्हाला पुष्कळांनी बजावलं होतं. झालं उलटंच. एक कागद जमला की माणसाला दुसरा हवा असतो.

त्याच सुमारास मोठ्या कंपन्यांचे तयार पॅटर्न घेऊन लोक यायला लागले. पाकिटावर सुंदर चित्र, आत पतंगाच्या कागदाहून पातळ टिश्यू, त्यावर रेघांचं जंजाळ. "हे एवढं उलगडून सांगा." आमचं खरं शिक्षण तिथे झालं. बाणाची रेघ म्हणजे कापडाचा उभा धागा, ती किनारीला समांतर ठेवायची. घडीवर ठेवायच्या भागाला वेगळी खूण. काठावरचे त्रिकोण म्हणजे जोडाच्या खुणा, मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या काठाला, पुढे एक आणि मागे दोन, म्हणजे बाही उलटी लागत नाही. ही सगळी भाषा एकदा डोळ्यांत बसली की कुठल्याही देशाचा पॅटर्न वाचता येतो.

ही भाषा तशी जुनीही नाही. १८६३ साली अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने वेगवेगळ्या मापांत कागदी पॅटर्न विकायला काढले. त्याआधी मासिकांतून पॅटर्न मिळायचे, पण एकाच मापाचे. ते आपल्या अंगाला बेतून घेण्याची कसरत शिवणारीनेच करायची. बटरिकने आधी पुरुषांचे आणि मुलांचे कपडे काढले, १८६६ पासून बायकांचे. तेव्हाच्या कागदावर छपाई नव्हती, नुसती भोकं आणि खाचा; कुठलं भोक टकाचं, म्हणजे आकारासाठी शिवायच्या चिमटीचं, आणि कुठलं उभ्या धाग्याचं हे ओळखूनच काढायचं. छापील रेघा आल्या त्या १९२० च्या आसपास. पुढे १९२७ मध्ये सिम्प्लिसिटी ही पॅटर्न कंपनी आली, १९५० मध्ये जर्मनीत एन बुर्डा यांनी मासिक काढलं. बुर्डाच्या मासिकातला तक्ता ज्याने पाहिला नसेल त्याने एकदा पाहावा. एकाच कागदावर कित्येक कपडे आणि त्यांची सगळी मापं एकमेकांवर छापलेली. त्यातून आपली रेघ शोधून ट्रेसिंग पेपरवर उतरवायची, आणि वर शिलाईची माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायचं कापड, आपली आपण धरायची, कारण त्या तक्त्यात ती धरलेली नसते. अमेरिकन पाकिटांत बहुधा दीड सेंटिमीटर माया आधीच असते. एकाची सवय झालेल्या बाईने दुसऱ्याचा पॅटर्न तसाच कापला की ड्रेस अंगात शिरत नाही, आणि खापर फुटतं मशीनवर नाहीतर स्वतःच्या वजनावर.

वजनावरून आठवलं. पॅटर्नच्या धंद्यात सर्वांत जास्त वेळ आम्ही घालवला असेल तर तो आकड्याची समजूत घालण्यात. रेडीमेडचा आकडा आणि पाकिटावरचा आकडा यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या तक्त्यात १४ नंबर म्हणजे छाती ९२ सेंटिमीटर, कंबर ७१, सीट ९७. १६ नंबर म्हणजे ९७, ७६, १०२. आता छाती ९२, कंबर ७६ आणि सीट १०० अशी बाई आली तर तिचा नंबर कुठला? छातीला १४, कमरेला १६, सीटला दोन्हींच्या मधे. ही बाई वेगळी नाही, बहुतेक बायका अशाच असतात. तक्त्याशी वरपासून खालपर्यंत तंतोतंत जुळणारी बाई आमच्या टेबलाशी क्वचितच आली असेल. सगळ्या मापांच्या रेघा एकाच कागदावर असल्या की काखेपाशी १४ ची रेघ धरायची आणि कमरेकडे जाता जाता अलगद १६ वर सरकायचं. फ्रेंच कर्व्ह, म्हणजे वळणदार पट्टी, हातात घेऊन हे करायला दोन मिनिटं लागतात. "मला १६ लागतो" हे पचायला जास्त वेळ लागतो. म्हणून आमच्या पाकिटांवर आम्ही नंबर टाकलाच नाही. नुसती सेंटिमीटरमधली मापं.

त्याच्या पुढचा घोळ छातीचा. बऱ्याच कंपन्यांचे पॅटर्न ब्राचा बी कप गृहीत धरून काढलेले असतात. छाती भरलेली असेल आणि केवळ त्या मापावरून पॅटर्न घेतला, तर छातीवर ड्रेस बसतो पण खांदे उतरतात, गळा उघडा पडतो, मुंढा लोंबतो. अशा वेळी टेप काखेतून, छातीच्या वरून घ्यावी. वरची छाती आणि पूर्ण छाती यांत पाच सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर पॅटर्न वरच्या छातीच्या मापाचा घ्यायचा आणि पुढच्या भागात छातीपुरती जागा वाढवायची: कागद कापून, पसरवून, टक खोल करून. खांदा हा अंगाचा सांगाडा आहे, तो आधी जुळला पाहिजे. छातीला जागा नंतरही करता येते, खांदा नंतर आवळणं म्हणजे अर्धा ड्रेस उसवणं.

उंचीचंही तसंच. अमेरिकन पॅटर्न साधारण साडेपाच फुटांच्या बाईसाठी असतो, बुर्डाचा १६८ सेंटिमीटरसाठी. बुटक्या बाईला वाटतं, खालून कापला की झालं. पण मग ड्रेसची कंबर तिच्या कमरेखाली उतरते आणि सगळा घेर चुकीच्या जागेवरून सुटतो. कागदावर छाती आणि कंबर यांच्या मधे दोन समांतर रेघा असतात, त्या नेमक्या याचसाठी. तिथे घडी घालायची, खाली नाही.

ऑर्डरीची शिलाई बंद करून आम्ही स्वतःचे पॅटर्न काढायला घेतले तेव्हा या सगळ्याचा विचार डोक्यात होता. डिझाइनं थोडी ठेवायची, पण प्रत्येक डिझाइन माणसाला जुळवून घेता आलं पाहिजे, हे ठरवलं. ए-लाइन स्कर्ट, सहा कळ्यांचा स्कर्ट, कमरेत जोड असलेला बिनबाह्यांचा ड्रेस, समोरून बटणांचा ड्रेस. बस. दर हंगामाला नवीन चित्र काढणाऱ्यांशी आमची स्पर्धा नाही आणि तो आमचा पिंडही नाही. एक ड्रेस नीट बसला की त्याच कागदावरून गळा बदलून, उंची बदलून, कापड बदलून माणूस वर्षानुवर्षं शिवतो.

नवा पॅटर्न आधी मांजरपाटात शिवून पाहिला जातो, वेगवेगळ्या अंगलटीच्या बायकांवर. मांजरपाट स्वस्त असतं म्हणून नव्हे. त्यावर पेनाने लिहिता येतं. कुठे चुणी पडली, कुठे ओढ आली, तिथेच बाण काढायचा. ओढीची रेघ नेहमी दुखण्याकडे बोट दाखवते. काखेपासून छातीच्या टोकाकडे तिरकी रेघ आली तर छातीला जागा कमी. कमरेखाली मागे आडव्या घड्या पडल्या तर पाठ लांब झाली किंवा सीटला कपडा अडतोय. हे एकदा समजलं की आरशासमोर उभं राहून आपल्या अंगावरचं कुठलंही कापड वाचता येतं. रेडीमेड घेतानाही.

पुस्तिकेवर मात्र आम्ही पॅटर्नइतकीच मेहनत घेतो. पुस्तिका लिहून झाली की शिवणकाम नवीनच शिकलेल्या एखादीला पाकीट द्यायचं आणि समोर गप्प बसायचं. एक शब्दही बोलायचा नाही, हे माझ्यासाठी फार अवघड. तिचा हात जिथे थांबतो ते वाक्य पुन्हा लिहायचं. "सुलट बाजू आत ठेवून जोडा" हे आपल्याला उघड वाटतं. समोरची दोन्ही तुकडे हातात घेऊन पंख्यासारखे फिरवत बसते. तिथे चित्र येतं. गळा कापल्याबरोबर, इतर काही करायच्या आधी, काठापासून सव्वा सेंटिमीटर आत एकेरी टीप मारा, ही सूचना आम्ही सर्वांत वर, चौकटीत छापतो. गळ्याची गोलाई उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यात, असते, नुसत्या हाताळण्यानेही ताणली जाते. ती टीप जोडाच्या टिपेच्या आत, मायेतच राहते, बाहेरून दिसत नाही, आणि तिच्यावाचून गळा फाकतो.

लोकांना वाटतं आमचा सर्वांत जास्त खपणारा पॅटर्न पूर्ण घेराचा स्कर्ट असणार. तो आम्ही विकतच नाही. त्याला कागद लागत नाही, म्हणून पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर फुकट देतो. कमरेचं माप भागिले ६.२८, ही आतल्या वर्तुळाची त्रिज्या. कंबर ७२ असेल तर साडेअकरा सेंटिमीटर. शिलाईची माया जितकी, तितकी ती आत घ्यायची. १४० सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडात अखंड वर्तुळ बसवलं तर स्कर्टची लांबी जेमतेम ५८ मिळते. जास्त हवी असेल तर दोन अर्धवर्तुळं कापून कडेला जोड द्यायचा. आणि खालची दुमड घाईने घालू नये. कमरपट्टा लावून स्कर्ट एक रात्र टांगून ठेवावा. उरेब भाग स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो, उभ्या-आडव्या धाग्यावरचा भाग तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी जमिनीपासून माप घेऊन खडूने खूण करायची आणि मगच कापायचं. असे फुकटचे पान छापण्यावरून आमच्यात वाद झाला होता. मी वहिनींच्या विरुद्ध बाजूला होते, आणि आज ते पान काढू म्हणाल तर मीच आडवी येईन.

कापडाबद्दल थोडकंच सांगते, कारण लोक ऐकत नाहीत. कापण्याआधी धुवा. पाकिटावर विणीचं ताणणारं कापड लिहिलं असेल तर साधं सुती घेऊ नका. मखमलीला सगळे भाग एकाच दिशेने ठेवा, नाहीतर एक कळी गडद आणि एक फिकी दिसते.

पीडीएफ आली तशी आमची पाकिटं निम्म्यावर आली. घरच्या प्रिंटरवर ए-फोर कागद छापायचे, कडा कापायच्या, चिकटवायचे. ज्यांना हा उद्योग नको ते दुकानातून ए-झीरो कागदावर एकसंध छापून घेतात. आपल्या मापाचीच रेघ छापायची, बाकीची लपवायची, ही सोय पीडीएफमध्ये झकास आहे. पण तक्रारीही नव्या आल्या. "ड्रेस घट्ट झाला" असा निरोप आला की आम्ही आधी एकच विचारतो: पहिल्या पानावरचा चौकोन पट्टीने मोजला का? तो दहा सेंटिमीटरचा असायला हवा. बऱ्याचदा तो ९.७ निघतो, कारण प्रिंटरने पान कागदात बसवण्यासाठी गुपचूप लहान केलेलं असतं. तीन टक्के म्हणजे किरकोळ वाटतं. शिवून तयार ड्रेसची छाती ९९ असेल तर ती ९६ होते. ९२ च्या अंगावर सात सेंटिमीटर सैलपणा होता, उरले चार. श्वास घेता येतो, हात पुढे करता येत नाही. आता तो चौकोन आम्ही ठळक छापतो, शंभर टक्क्यांवर छापा असं तीन ठिकाणी लिहितो, तरी हा निरोप येतोच.

सध्या आम्ही तिघी आहोत. मापांच्या रेघा संगणकावर वाढवण्याचं काम माझी भाची करते, ती वहिनींना "काकू, सीट चारने वाढली की उंची कितीने?" असं विचारते आणि वहिनी हवेत हातानेच रेघ काढून दाखवतात. निरोपांना उत्तरं मी देते. फिटिंगची शंका असेल तर पुढून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो पाठवा, हात खाली सोडून. आरशातला सेल्फी नको, हात वर गेला की खांदा वर जातो आणि सगळ्या चुण्या खोट्या ठरतात.

पुढचा पॅटर्न बाह्यांच्या ड्रेसचा. त्यात पुढचा भाग तीन कपांसाठी वेगवेगळा देणार आहोत, म्हणजे कागद कापून पसरवण्याचा प्रश्न मिटला. तो भाग पक्का झालाय. अडलंय बाहीपाशी. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा थोडा मोठा ठेवावा लागतो, तेवढं कापड चुणी न दिसता आत मुरवायचं असतं. नवशिक्यांचं घामटं निघतं ते इथेच. मी म्हणते दीड सेंटिमीटर पुरे, सुती कापडात त्याहून जास्त मुरत नाही. वहिनी म्हणतात तीन हवेत, नाहीतर हात उचलताना दंड अडतो. दोन्ही बाह्या शिवून झाल्या आहेत, डावी माझी, उजवी त्यांची, आणि भाची तो ड्रेस घालून कामाला बसते. तिचा निर्णय आला की छपाईला देऊ.