लाखीश आधी, जेरुसलेम नंतर

यहूदा या बायबलकालीन ज्यू राज्याचा शेवट बाबेलच्या (बॅबिलोनच्या) हातून कसा झाला, त्याच्या खुणा बघायला जाणारे बहुतेक लोक थेट त्याची राजधानी जेरुसलेम गाठतात आणि लाखीश हे तटबंदीचं नगर गाळतात. आम्हीही गाळणार होतो. भाऊ हटून बसला म्हणून गेलो, आणि माझं मत बदललं.

तेल अवीवहून बेर शेवाकडे जाणाऱ्या ट्रेनने किर्यात गातला उतरायचं आणि पुढे टॅक्सी करायची. परतीची टॅक्सी आधीच पक्की करा. आमचा चालक 'दोन तासांत येतो' म्हणाला तो आलाच नाही. मग उन्हातान्हात द्राक्षमळ्यांच्या कडेने पायपीट! टेकाडावर सावली नाही म्हटलं तरी चालेल. सकाळी लवकर जा, टोपी घाला, माणशी दोन लिटर पाणी ठेवा.

नैऋत्य कोपऱ्याला अश्शूरी सैन्याने, म्हणजे बाबेलच्या आधीच्या शत्रूने, इ.स.पू. 701 मध्ये तटावर चढायला रचलेला दगडांचा चढाव अजून दिसतो. पण आम्ही रेंगाळलो ते वेशीपाशी. 1935 मध्ये इथल्या पहारेकऱ्यांच्या खोलीत, जळक्या थरात, शाईने लिहिलेली खापरं सापडली. एकावर साधारण असं आहे: लाखीशच्या जाळाच्या इशाऱ्यांकडे आम्ही डोळे लावून आहोत, कारण अजेका (शेजारचं तटबंदीचं नगर) दिसत नाही. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात शेवटी उरलेली तटबंदीची नगरं हीच दोन. ती खापरं मात्र इथे शोधू नका. बहुतेक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

जाण्याआधी बायबलमधल्या 'दुसरे राजे'चे शेवटचे तीन अध्याय वाचा, नाहीतर नावांचा गुंता होतो. इ.स.पू. 609 मध्ये यहूदाचा राजा योशीया मगिद्दोला मारला गेला आणि पुढच्या वीसबावीस वर्षांत त्याचे तीन मुलगे आणि एक नातू गादीवर आले. सगळे कुणाचे ना कुणाचे मांडलिक. यहोआहाज तीन महिन्यांत मिसरच्या कैदेत गेला. एल्याकीमचं नाव फारोने (मिसरच्या राजाने) बदलून यहोयाकीम केलं, मत्तन्याचं बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने सिद्कीया. राजाला स्वतःचं नावही ठेवता येईना, तिथे राज्य कसलं! या दोघांच्या मधला नातू यहोयाखीन अठरा वर्षांचा. तीन महिन्यांत बाबेलला नेला, इ.स.पू. 597 मध्ये. त्याला मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद बाबेलच्या मातीच्या पाट्यांवर सापडली आहे.

जेरुसलेमला दावीदनगर, म्हणजे शहराचा सगळ्यात जुना भाग, बघा. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी जाऊ नका. हा भाग सिलवान या पॅलेस्टिनी वस्तीत येतो, इथल्या उत्खननावर वाद आहेत, हे मनात असू द्या. आधीचा राजा हिज्कीया याच्या 533 मीटरच्या पाण्याच्या बोगद्यासाठी टॉर्च आणि पाण्यात चालणाऱ्या चपला हव्यात. सुरुवातीला पाणी मांड्यांपर्यंत येतं. अंधारात कोंडल्यासारखं होत असेल तर शेजारचा कोरडा बोगदा आहे. हिज्कीयाच्या बोगद्यामुळे सिद्कीयाच्या काळी बाबेलने घातलेल्या वेढ्यात शहराला पाणी होतं, भाकरी नव्हती. कैदेतल्या यिर्मयाला भटाऱ्यांच्या आळीतून रोज एक भाकर मिळे, तीही संपेपर्यंत.

वर उतारावरच्या घरांत दगडी शौचकूप आहे. हसू नका, त्याच्या खड्ड्यातल्या मातीत जंतांची अंडी आणि रानभाजीचे अंश सापडले. वेढ्यात लोक काय खात होते त्याचा हा पुरावा.

तटाला खिंडार पडल्यावर सिद्कीया रात्री निसटला आणि यरीहोच्या मैदानात धरला गेला. रिब्ला (आजच्या सीरियात) इथे त्याच्यादेखत त्याची मुलं मारली, मग त्याचे डोळे काढले. इ.स.पू. 586 मध्ये (काही जण 587 मानतात) बाबेलच्या सैन्याने शहर जाळलं.

त्याच उतारावर 1982 मध्ये लेखांवर उमटवलेल्या पन्नासेक मातीच्या मोहरा निघाल्या. एकीवर 'शाफानाचा मुलगा गमऱ्या'. यहोयाकीमने यिर्मयाची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत टाकली, तेव्हा 'जाळू नका' म्हणून विनवणाऱ्यांत एक गमऱ्या होता, बहुधा तोच हा. मोहरेखालचे पपायरसवरचे (लव्हाळ्याच्या कागदावरचे) लेख आगीत गेले; माती मात्र त्याच आगीत भाजून पक्की झाली.