वरणाचं पाणी

जुलैमध्ये आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भाताच्या लावणीची घाई असते. आया चिखलात, पोरं आज्यांकडे, म्हणून त्या महिन्यात मी, इथली अंगणवाडी सेविका, पोरांची वजनं करायचा झोळीचा काटा पिशवीत घालून घरोघरी फिरते. काटा तुळईला टांगायचा, रिकामी झोळी लावून शून्यावर आणायचा, पोराचे कपडे उतरवायचे आणि ते हातपाय झाडायचं थांबेपर्यंत वाट बघायची. काहीजणी घाईत अंदाजाने आकडा टाकतात. मला ते कधीच पटलेलं नाही. शंभर ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर मोठ्या माणसाला फरक पडत नाही, पण तेवढ्याने वाढीच्या तक्त्यावर तान्ह्याचा रंग बदलतो, हिरवा म्हणजे वजन ठीक, पिवळा म्हणजे कमी.

त्या दिवशी तेरा महिन्यांच्या एका पोरीचा रंग बदलला. वजन ७ किलो १०० ग्रॅम. त्या वयाच्या मुलीचं हिरवं ७ किलो २०० पासून सुरू होतं. दंडाला पट्टी लावली तर १२.१ सेंटीमीटर, म्हणजे तिथेही पिवळं. साडेबारा तरी हवं होतं. मी मागची पानं काढली. नवव्या महिन्यात ६.८, मग ६.९, मग ७, पुन्हा ७, आणि आज हे. चार महिन्यांत तीनशे ग्रॅम. यातलं प्रत्येक वजन मी स्वतः केलेलं. मोबाईलमध्ये आकडा भरला की रंग दिसायचा, तो हिरवा असायचा, आणि मी पुढच्या घरी जायची. रंग जाण्याआधी तक्त्यावरची रेघ आडवी होते, हे नव्या सेविकांना मीच सांगत आलेय.

घर गरीब म्हणावं तर तसंही नाही. गोठ्यात दोन म्हशी, कणगीत भात, हुलगे, नाचणी, सगळं घरचं. आजींनी विचारायच्या आधीच सांगितलं, "खातीया की ओ टीचर, तीन वेळा वाटी भरून खातीया." आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी भरलेली वाटी पुढे आणली. वरणाचं पाणी, गाळणीने गाळलेलं, तळाशी चिमूटभर भात. मी चमचा भरला आणि तिरका केला. सगळं वाहून गेलं, चमच्याला एक शीत चिकटलं नाही. एवढ्याशा पोटात पाण्याने जागा धरली की तासाभराने पुन्हा रडू, मग चहात बुडवलेलं बिस्कीट. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला, पण बिस्कीट स्वस्त आहे, पोर गप्प बसतं, आणि दुकान शेजारीच आहे.

चुलीवर घरच्यांसाठी तूरडाळ शिजत होती. मी म्हटलं, आजी, वेगळं काही करू नका. फोडणी आणि चटणी पडायच्या आधी पळी तळापर्यंत घालून घट्ट डाळ बाजूला काढा. भात मऊ होताच. तो ताटलीत घेऊन मी डाळीत बोटांनी कुस्करला, मिक्सर नाही, गाळणी नाही. वर्षाच्या पोराला बारीक गोळ्या चावता यायला हव्यात, चार दात नसले तरी हिरड्या काम करतात. वर घरचं तूप चमचाभर. हा चमचा तिरका केला तर घास जागचा हलला नाही. आजी म्हणाल्या, "घशात अडकंल." मी त्यांच्याच बोटावर घास ठेवला आणि दाबून बघायला सांगितलं. त्यांनी दाबला, पुन्हा दाबला, आणि पोरीला मांडीवर घेतलं.

आम्हाला वरून सांगतात, अंडी खायला सांगा. आजींच्या गळ्यात तुळशीची माळ, त्या घरात अंडं येत नाही, आणि मी तो विषय काढणारही नाही. हुलग्याचं माडगं आहे, शेंगदाण्याचा बारीक कूट आहे, दही आहे, उकडलेलं रताळं आहे. अख्खे शेंगदाणे मात्र नको. अशी वाटीभर जेवणं दिवसात तीन-चार, मधे एक-दोनदा थोडंसं खायला, आणि आईचं दूध दोन वर्षांपर्यंत.

पोरीने आठ घास खाल्ले आणि तोंड फिरवलं. जबरदस्ती केली नाही. थोड्या वेळाने तिने स्वतःच ताटलीत हात घातला.

तेवढ्यात सून शेतातून आली, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पायाला चिखल. तिने ताटली बघितली, वाटी बघितली, आणि जराही आवाज न चढवता म्हणाली, "टीचर, वरणाचं पाणी द्या म्हणून तुम्हीच सांगितलं होतं की."

पोरीला सहा महिने पुरे झाले त्या दिवशी मी आले होते. मी "पातळसर वरणभात" म्हटलं होतं, मला चांगलं आठवतं. पण पातळ कधीपर्यंत, हे सांगितलं नाही. पुढच्या प्रत्येक महिन्याला काटा, आकडा, सही, आणि चला. पुढचं सगळं तायी कार्डात, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी कार्डात आहे, असं मी धरून चालले. तायी कार्ड कन्नडात. सून महाराष्ट्रातल्या चंदगडची, मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. तिने ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलं होतं, एकही कोपरा दुमडलेला नव्हता. आतली चित्रं तिने पाहिली होती. चित्रात वाटी आहे. वाटीत काय आणि किती घट्ट, ते खालच्या ओळीत लिहिलंय.

मी तिथेच बसून समासात मराठीत लिहून दिलं. तिने माझ्यासमोर मोठ्याने वाचलं, एकदा अडखळली, कारण माझं अक्षर वाईट आहे.

ऑगस्टमध्ये काटा ७ किलो ४०० वर थांबला. मी तीनदा टांगून बघितलं. त्या रात्री रजिस्टर घेऊन बसले. माझ्याकडे वर्षाच्या आतबाहेरची एकवीस पोरं आहेत. त्यांतल्या नऊ आयांना कन्नड वाचता येत नाही. पाच जणींच्या कार्डावर लिहून झालंय.