हॉलमधली जर्मन घडी

स्टुटगार्टला येऊन मला सहा वर्षं झाली, पण आईला वेळेचा हिशेब अजून जमत नाही. उन्हाळ्यात आम्ही नागपूरच्या साडेतीन तास मागे असतो, हिवाळ्यात साडेचार. पहाटेचे फोन घेऊन घेऊन थकलो आणि मे महिन्याच्या सुट्टीत ठरवलं, की प्रतापनगरच्या घरात, हॉलमध्ये, जर्मनीची वेळ दाखवणारं एलईडी घड्याळ लावून द्यायचं. बाबांचा पहिला प्रश्न, "काहून, घडी विकत नाही भेटत?" भेटते नं. पण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिचा काटा फिरवणार कोण?

रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू हा च्युइंगमच्या पाकिटाएवढा कॉम्प्युटर मी सोबत आणला होता. चार चौकोनांची एलईडी पट्टी बर्डीच्या बाजारातून घेतली. एका चौकोनात ८ गुणिले ८ दिवे, म्हणजे एकूण २५६. पायवर पिना नव्हत्या, नुसती ४० भोकं. पिना जोडायला मी सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं आणि दोन मिनिटांत बाबांनी ते काढून घेतलं. तरुणपणी त्यांनी गल्लीतले सगळे रेडिओ दुरुस्त केलेत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "टाका तिळाएवढा पाहिजे. हरभऱ्याएवढा झाला की शेजारच्याले जाऊन चिकटते." वाऱ्यानं आयर्न थंड पडतं म्हणून कूलर बंद करायला लावला. मे महिन्यातली नागपूरची दुपार, आणि कूलर बंद! पंधराव्या टाक्याला आईनं काही न बोलता बटण दाबलं, उरलेले टाके वाऱ्यातच पडले.

पुढे अर्धी दुपार वायफायनं खाल्ली. झिरो डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतं आणि मी पायच्या मेमरी कार्डावर घरच्या ५ गिगाहर्ट्झवाल्याचं नाव टाकून बसलो होतो. ते सुटलं तर आकडे आडवे, एकेक चौकोन कुशीवर झोपलेला. प्रोग्रॅममध्ये उणे ९० अंश लिहिल्यावर उठून बसले. टाइमझोनला 'युरोप/बर्लिन' दिलं की उन्हाळा-हिवाळ्याची अदलाबदल पाय स्वतःच पाहतो.

येणारा प्रत्येक जण "तुमची घडी चुकली" म्हणायला लागला, तेव्हा बाबांनी खाली पट्टी चिकटवली: जर्मनी.

निघण्याआधी मी एक शहाणपणा केला. चालू असताना लाईन गेली की मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, म्हणून कार्डावर काही लिहिलंच जाणार नाही अशी सोय करून ठेवली. तेव्हा जर्मनीत सव्वादहा झाले होते. या पायमध्ये स्वतःचं घड्याळ नसतं, बॅटरी नसते. सुरू झाला की तो शेवटी साठवलेली वेळ धरून चालतो आणि इंटरनेट मिळालं की खरी वेळ विचारून घेतो. आणि माझ्या कार्डावर तर सव्वादहाच गोठलेले!

जूनच्या पहिल्या वादळात रात्रभर लाईन नव्हती, सकाळी सातला आली. इंटरनेटची केबल मात्र तुटलेली. सात वीसला आईचा फोन. माझ्याकडे पहाटेचे तीन पन्नास.

"झोपून राहिला का अजून? तुझ्या घडीत तर साडेदहा वाजून गेले."

यावर इलाज म्हणजे डीएस३२३१ची घड्याळ-चिप, नाण्यासारख्या सेलवर चालणारी. याहून स्वस्त चिप मिळते, पण ती उन्हाळ्यात भरकटते. ही तापमान मोजून स्वतःला सावरते. नागपूरच्या भिंतीवर दुसरी काय लावणार! बाबांनी ती बर्डीतून आणली आणि व्हिडिओ कॉलवर चार वायरी जोडल्या, मी इथून लॉगिन करून ओळी भरल्या. नंतर मुद्दाम राउटर बंद करून पायचा प्लग काढून पाहिला. वेळ हलली नाही.

मग ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला आणि घड्याळ नियमाप्रमाणे एक तास मागे गेलं. सोमवारी संध्याकाळी आईचा फोन, "बाप्पा, तुझी घडी पुन्हा बिघडली. पण तू काळजी नको करू, बाबांनी कालच खोलून ठेवली."