खांदेरी: लढता लढता उभा राहिलेला किल्ला

अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर जायला ठरलेली फेरीबोट नाही. किनाऱ्यावरच्या थळ गावी जायचं, कोळ्यांपैकी कुणाची तरी होडी ठरवायची आणि निघायची वेळ मात्र त्यांनी सांगायची, कारण ती भरती-ओहोटीच्या हातात असते. आमच्या नाखवामामांनी उतरताना बजावलं, "ताई, चपला काढू नका, कालवं कापतात."

कालवांकडे मी मग नीट पाहिलं. तटाच्या बाहेर, लाटांच्या माऱ्यात, मोठमोठे धोंडे नुसते टाकलेले आहेत आणि त्यांवर धारदार शिंपल्यांचे थर चढलेत. रात्री अनवाणी पायांनी चढून येणाऱ्या शत्रूचं काय होत असेल, कल्पना करा. पहारेकऱ्याला पगार तरी द्यावा लागतो!

नकाशा उघडला की इथे किल्ला का हवा होता ते लगेच कळतं. मुंबई बंदरात शिरणारं आणि बाहेर पडणारं प्रत्येक गलबत इथून टिपता येतं. म्हणून १६७९ च्या पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असताना, शिवरायांच्या हुकमावरून मायनाक भंडारी माणसं आणि तोफा घेऊन बेटावर उतरले. इंग्रज म्हणाले, बेट आमचं. सप्टेंबरात त्यांनी उतरायचा प्रयत्न केला, तर त्यांचा अधिकारी थॉर्प मारला गेला. ऑक्टोबरात दौलतखानाच्या मराठी आरमाराने त्यांची 'डोव्हर' ही गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, धरली. 'रिव्हेंज' तेवढी टिकली. पण मोठी जहाजं नाकेबंदी करून बसली तरी मराठ्यांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद पोचवत राहिल्या. बेटावर बांधकाम चालूच! मला या लढाईतला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. तोफा, धूर वगैरे ठीक आहे. पण अंधारात धान्याची पोती वाहणाऱ्या त्या खलाशांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

जंजिऱ्याच्या सिद्दीने मग १६८० च्या जानेवारीत समोरची उंदेरी बळकावली, आणि दोन शेजारी बेटं वैरी झाली. खांदेरीच्या बुरुजावरून उंदेरी इतकी जवळ दिसते की हे वैर रोज सकाळी डोळ्यांसमोर असणार.

आत पाहण्यासारखं बरंच आहे. चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या तोफा इथे अजून आहेत. आपल्याकडच्या बहुतेक किल्ल्यांवर तोफा जमिनीवर लोळत असतात. एका खडकावर दगड आपटला की भांड्यासारखा टणत्कार येतो. शाळकरी पोरांनी तो मनसोक्त बडवला. वेताळाच्या देवळात मूर्ती नाही, पांढरा रंगवलेला मोठा धोंडा आहे आणि कोळी बांधवांची त्यावर गाढ श्रद्धा. टेकडीवरचं दीपगृह १८६७ चं.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात खांदेरीही आहे. गर्दी वाढायच्या आत जाऊन या. पाणी आणि खाणं सोबत न्या, रिकाम्या बाटल्या परत आणा, आणि उंदेरीवर उतरायचा हट्ट करू नका. मामांनी आम्हाला होडीतूनच ती दाखवली. लाटा होत्या, त्यांनी सरळ नाही म्हटलं.