अकोल्याचा मे महिना आणि ९५ वर अडकलेला काटा

एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, आणि लग्नसराई म्हणजे माझ्या खोलीत रात्रंदिवस चालणारा एक्स्पोर्ट. मी अकोल्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मशीन २०२० सालचं: रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर, आणि प्रोसेसरच्या डब्यातून आलेला छोटा पंखा. जानेवारीत एका लग्नाची फिल्म १ तास १० मिनिटांत बाहेर पडायची. गेल्या मे महिन्यात तेवढ्याच फिल्मला १ तास २५ मिनिटं लागली, आणि पंख्याच्या घरघरीत हेडफोन लावूनही सनईचा आवाज नीट तपासता येईना.

मशीनचं तापमान, वेग, वॅट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर माझ्याकडे होतंच. उघडून पाहिलं, तर प्रोसेसरचं तापमान ९५ अंश. पाच मिनिटांनी ९५, वीस मिनिटांनी ९५. आधी पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी ज्याची डिलिव्हरी आहे ते काम त्या मशीनवर होतं. पण आकडा ९४ ला जात नव्हता आणि ९६ लाही, त्यातच खरं उत्तर होतं. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. तिथे पोचला की तो स्वतःचाच वेग कमी करतो आणि तापमान तिथेच धरून ठेवतो. खालच्या ओळीत वेग दिसत होता: एरवी ४ गिगाहर्ट्झच्या आसपास असणारा, आता ३.५. म्हणजे मशीन जळत नव्हतं, मंदावत होतं. ती १५ मिनिटं तिथे गेली होती. आणि वेग कमी करूनही भागलं नाही, तर तो जळायच्या आधी मशीन बंद करतो.

मग ‘सुरक्षित तापमान किती’ याचा शोध सुरू केला आणि डोकं भणाणलं. कोणी म्हणे ७०, कोणी ८०. एका जुन्या सल्ल्यात होतं की रायझन मुळातच २० अंश जास्त दाखवतो, तेवढे वजा करा. तो सल्ला पहिल्या पिढीतल्या १७००एक्स, १८००एक्स अशा काही मॉडेलपुरताच खरा होता. माझ्या ३६०० ला तो लावला असता, तर ९५ ला ७५ समजून निवांत बसलो असतो. मर्यादासुद्धा सगळ्यांची एक नाही: इंटेलच्या आय५-१२४०० ची १००, रायझन ७ ५७००एक्स ची ९०. आपल्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या पानावरूनच घ्यावा.

गाडी पुढे सरकली ती भिंतीवरच्या साध्या थर्मामीटरमुळे. तो काढून कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ टांगला. दुपारी तीन वाजता ३९. जानेवारीत काढलेला एक स्क्रीनशॉट सापडला, त्यात पूर्ण लोडवर ८२ होतं, आणि तेव्हा आमची खोली २२-२३ असते. म्हणजे तो छोटा पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा साधारण ६० अंश वर ठेवतो. ३९ आणि ६० मिळून ९९. प्रोसेसर ९५ च्या पुढे जायला तयार नाही, म्हणून वेग कापतो. पंखा तोच, प्रोसेसर तोच, बदलली होती फक्त त्यांना मिळणारी हवा. ७०-८० चे सल्ले देणाऱ्यांच्या खोल्या २० अंशांच्या असणार. अकोल्यातल्या माणसाने फरक मोजावा, नुसता आकडा नव्हे.

पैसे खर्च करण्याआधी जे फुकट होतं ते केलं. बाजूचं झाकण काढून पाहिलं, तर तापमान ९५ वरून ९१ वर आलं. याचा अर्थ कॅबिनेटलाच श्वास पुरत नव्हता. त्याची पाठ भिंतीला जेमतेम दोन बोटांवर होती, ती हातभर पुढे ओढली. समोर एक १२० मिलिमीटरचा पंखा बसवला. एक चूकही केली: झाकण उघडं ठेवून खोलीतला कूलर थेट मशीनवर सोडला. आकडे छान उतरले. पण आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. चार दिवसांनी पाहिलं, तर पंख्याच्या पात्यांवर ओलसर धूळ चिकटलेली आणि तिच्यावर बारीक पांढरट कण. वाळ्याच्या ताट्यांवर जो क्षार दरवर्षी धरतो, तोच. त्या दिवसापासून कूलरची हवा खोलीला, मशीनला नाही.

तरी छोटा पंखा बदलणं भाग होतं. दुकानदार म्हणाला, “भाऊ, रायझन आहे, तापतेच ते. लिक्विड लावून टाका, टेन्शनच नाही.” लिक्विड म्हणजे नळ्यांतून द्रव फिरवून प्रोसेसर थंड करणारा कूलर. मी घरी येऊन हिशेब केला. डब्यावर ६५ वॅट लिहिलेलं आहे, पण एचडब्ल्यूइन्फोमध्ये पूर्ण लोडवर ८८ वॅट दिसतात, आणि या चिपची ठरलेली कमाल तीच आहे. प्रोसेसरचा कूलर घेताना ८८ धरायचे. एवढ्याला १२० मिलिमीटर पंख्याचा, चार तांब्याच्या नळ्यांचा टॉवर कूलर (उभा, उंच असतो तो) पुरतो. १४२ वॅटपर्यंत जाणारा ३९००एक्स किंवा २४१ वॅटचा आय९-१२९००के असता, तर लिक्विडचा विचार केला असता. शिवाय लिक्विडसुद्धा उष्णता शेवटी खोलीच्याच ३९ अंशांच्या हवेत टाकतं. टॉवर दोन हजारांच्या आसपास मिळाला. घेण्याआधी मदरबोर्डपासून झाकणापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून घेतलं, नाहीतर झाकणच बसत नाही.

सर्वांत जास्त भीती जुना पंखा काढताना वाटली. माझ्या मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ते सॉकेट एएम४ जातीचं; त्याच्या प्रोसेसरला खालून १३३१ पिना असतात, आणि प्रोसेसर व पंख्याच्या मधली, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळली असेल तर पंखा ओढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून आधी दहा मिनिटं लोड देऊन पेस्ट गरम केली, मशीन बंद करून प्लग काढला, चारही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने सैल केले. मग सरळ वर न ओढता, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवावं तसा पंखा हळूच डावी-उजवीकडे फिरवला. तिसऱ्या वेळी ‘चुट्’ असा आवाज आला आणि तो सुटला. प्रोसेसर जागेवर. माझ्या बोटांना घाम होता, तो पुसला, मग जुनी पेस्ट पुसली आणि मधोमध वाटाण्याएवढी नवी ठेवली.

तपासणी खास दुपारीच केली. प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी सिनेबेंच ही चाचणी अर्धा तास सलग, कारण कूलरचा धातू पूर्ण तापायला वेळ लागतो आणि पहिल्या दोन मिनिटांचा आकडा उगाच खूश करतो. रिकाम्या मशीनचा आकडाही पाहू नये: हा प्रोसेसर स्क्रीनवर एक खिडकी उघडली तरी दहा अंश उडी मारून परत येतो. खोली ४०, प्रोसेसर ८२. फरक ४२. मर्यादेच्या खाली १३ अंश, आणि वेग पुन्हा ४ च्या आसपास. वर्षातल्या सर्वांत वाईट दुपारी निदान १० अंश शिल्लक हवेत, हे माझं माप. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, कमी वीज घेणारा ४५ वॅटचा इको मोडही आहे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काम चाललं की तो लावतो.

कॅबिनेटच्या बाजूला आता एक कार्ड चिकटवलंय: तारीख, खोली, प्रोसेसर, फरक. दर महिन्याला एक ओळ. फरक ४२ वरून ४८ झाला, की ब्रश घेऊन जाळी साफ करायची. कालची ओळ ४३ ची आहे.